ऑनलाइन मजकुराची नोंदवही कोणाकडे?

वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, सहसा कोणी वाचत नाही अशी एक बारीक ओळ असते. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, अंक कुठे छापला आणि बातम्यांच्या निवडीस जबाबदार संपादक कोण, हे ती सांगते. मुद्रक-प्रकाशकाचे नाव छापण्याची ही सक्ती १८६७ च्या कायद्याने रुजवली. जिल्हा दंडाधिकारी या नात्याने त्याच कायद्याखालील घोषणापत्रे मी अनेकदा प्रमाणित केली. त्याआधी, इतिहासाचा विद्यार्थी असताना, त्या कायद्याने मागे ठेवलेली कागदपत्रे मी वाचली होती.

१८५७ नंतरच्या राज्यकर्त्यांना देशी भाषांतील छपाईवर नजर ठेवायची होती. त्यासाठी प्रांतोप्रांती दर तिमाहीला ग्रंथांची यादी राजपत्रात प्रसिद्ध होई. शीर्षक, भाषा, लेखक, मुद्रक, पृष्ठसंख्या, किंमत आणि छापलेल्या प्रतींची संख्या असा तपशील तीत असे. देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे साप्ताहिक गोषवारे मात्र गोपनीय राहत. हेतू पाळतीचा होता, यात शंका नाही. तथापि त्या याद्यांमुळेच एखादे पंचांग किती प्रतींत निघाले, पाठ्यपुस्तक कोणत्या शहरात छापले गेले, याचा माग आज काढता येतो. रॉबर्ट डार्नटन यांच्यासारख्या इतिहासकाराने याच साधनांच्या आधारे वसाहतकालीन ग्रंथव्यवहाराचा अभ्यास केला. मजकूर कोणी निर्माण केला, कोणी प्रसिद्ध केला आणि किती प्रतींत निघाला, हे तिन्ही प्रश्न एकाच नोंदीत सामावलेले होते.

ऑनलाइन माध्यमांत हे तीन प्रश्न एकमेकांपासून तुटले आहेत. चित्रफीत एका देशात तयार होते, दुसऱ्या देशात तिला नवा मथळा मिळतो आणि तिसऱ्याच ठिकाणी ती ‘कालची घटना’ म्हणून फिरते. प्रसिद्ध झालेला मजकूर मागाहून बदलता वा पुसता येतो. वितरण तर विक्रेत्याच्या आणि रेल्वे पार्सलच्या हातून निसटून कंपन्यांच्या गणनपद्धतींकडे गेले आहे. कोणता मजकूर कोणापुढे, किती वेळा आणि का आला, याची नोंदवही आजही आहे. ती सार्वजनिक मात्र नाही.

याचे प्रशासकीय परिणाम दोन घटनांच्या तुलनेतून दिसतात. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांमुळे ईशान्य भारतातील हजारो लोक बंगळूरु व अन्य शहरांतून गावी परतू लागले, तेव्हा केंद्र सरकारने एकगठ्ठा लघुसंदेशांवर पंधरा दिवसांची बंदी घातली आणि पाचांची मर्यादा आणली. जुलै २०१८ मध्ये, मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवेतून धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच जणांची हत्या झाली. देशात अन्यत्रही असे बळी गेले होते. त्यानंतर व्हॉट्सअॅपने भारतात संदेश पुढे पाठवण्यावर पाच संभाषणांची मर्यादा घातली. आकडा तोच, पण पहिला आदेश सरकारचा, मुदतीचा आणि न्यायालयात आव्हान देण्याजोगा होता. दुसरा एका कंपनीचा निर्णय होता. त्याने अफवांचा वेग नेमका किती मंदावला, हे स्वतंत्रपणे तपासण्याची आकडेवारी कंपनीच्याच ताब्यात राहिली.

अभ्यासकांची वाट उलट अरुंद होत आहे. फेसबुकवरील सार्वजनिक मजकुराचा प्रसार तपासण्यासाठी जगभरचे पत्रकार व संशोधक वापरत असलेले ‘क्राउडटँगल’ हे साधन मेटा कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केले. आपल्याकडे मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नियतकालिक नोंदणी कायद्याने १८६७ च्या कायद्याची जागा घेतली, पण त्याचा भर छापील नियतकालिकांवरच आहे. २०२१ च्या नियमांनी डिजिटल वृत्तप्रकाशकांची माहिती मंत्रालयाकडे मागितली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालील मजकूर रोखण्याची प्रक्रिया २००९ च्या नियमांनुसार गोपनीय असते. थोडक्यात, मजकूर हटवण्याची यंत्रणा आपण उभारली. तो जपण्याची आणि अभ्यासण्याची नाही.

उपाय अपरिचित नाही. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व अन्य सार्वजनिक ग्रंथालयांस द्यावी लागते. १९५६ मध्ये वृत्तपत्रेही त्यात आली. सार्वजनिकरीत्या प्रसिद्ध होणाऱ्या ऑनलाइन मजकुरापर्यंत ही तरतूद वाढवता येईल. फ्रान्सने २००६ मध्ये आणि ब्रिटनने २०१३ मध्ये तसे केले आहे. वितरणाच्या माहितीसाठी युरोपीय संघाच्या २०२२ च्या कायद्याचा दाखला आहे. मोठ्या कंपन्यांनी पात्र संशोधकांना आकडेवारी खुली करावी, असे बंधन तो घालतो.

मात्र ही नोंद मंत्रालयाच्या कपाटात जाऊ नये. ती ग्रंथालये आणि विद्यापीठांकडे असावी, आणि खासगी संदेशांची गुप्तता तिच्या कक्षेबाहेर राहावी. संदेशाचा पहिला प्रेषक शोधण्यासाठी प्रत्येकाचे संभाषण उघडे पाडणे म्हणजे एकोणिसाव्या शतकातील पाळतीचा वारसा चालवणे होय. अभ्यासाला व्यक्तींची नावे नकोत, प्रसाराचे प्रमाण आणि दिशा हवी. ती मिळाली नाही, तर पुढच्या अफवेच्या वेळीही जिल्हाधिकाऱ्यापुढे इंटरनेट बंद करणे एवढाच पर्याय उरेल.