थांबण्याचे वेळापत्रक

रमजानमध्ये दुपारची जोहरची नमाज झाली की वऱ्हाडातले मोहल्ले जरा निवांत होतात. अकोला असो की अमरावती, एखाद्या दुकानाचे शटर अर्धे खाली येते, गल्लीतली वर्दळ कमी होते. पहाटे सहेरीसाठी उठलेला माणूस घटकाभर आडवा होतो. दुपारच्या या अल्पशा झोपेला ‘कैलुला’ म्हणतात. ती पैगंबर मुहम्मद (स.) यांची सुन्नत, म्हणजे त्यांनी स्वतःच्या वागण्यातून घालून दिलेला पायंडा आहे. रात्री तरावीहच्या नमाजमध्ये बराच वेळ उभे राहायचे तर दुपारी पाठ टेकलेली बरी, हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

त्या वेळी एकच माणूस जागा असतो. तो म्हणजे मोहल्ल्याचा कारभार पाहणारा. इफ्तारची खजुरे आली का, मशिदीत पाण्याची टाकी भरली का, कोणाच्या घरी ईदचे कपडे पोहोचायचे राहिले, सगळे त्याच्याच डोक्यात. फोन वाजतच राहतो. हा माणूस फक्त मोहल्ल्यातच असतो असे नाही. गणेश मंडळाचा अध्यक्ष, शाळेच्या मुख्याध्यापिका, बचत गटाच्या ताई, सगळ्यांची गत तीच. ‘मी थांबलो तर काम थांबेल’ ही त्यांची प्रामाणिक भीती असते. म्हणूनच त्यांच्यासाठी अकोल्यातून गेलेल्या एका मोठ्या माणसाची गोष्ट आठवण्यासारखी आहे.

६ मार्च १९२७ रोजी महात्मा गांधी अकोल्यात होते. त्यांचे चिरंजीव मणिलाल यांचा विवाह अकोल्याच्या मश्रूवाला कुटुंबातील सुशीला यांच्याशी झाला. सुशीला या विचारवंत किशोरलाल मश्रूवाला यांच्या पुतणी. लग्न साधेपणाने झाले आणि गांधीजी पुन्हा दौऱ्याला लागले. हिजरी १३४५ चा रमजानही त्याच दिवसांत सुरू झाला होता.

खादीचा प्रचार आणि तिच्यासाठी निधी, असा तो दौरा होता. आधीचे १९२६ हे वर्ष गांधीजींनी बहुतांशी साबरमती आश्रमात काढले होते. आता उलट टोक गाठले गेले. रोज नवे गाव, सभा, भेटी आणि पुन्हा प्रवास. सोमवारचे मौन ते पाळत असत; पण मौनाच्या दिवशीही पत्रे आणि लेख लिहिणे चालूच असे. वय ५७ वर्षांचे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोल्हापूर-निपाणीच्या टप्प्यात शरीराने नकार दिला. रक्तदाब वाढला होता. डॉक्टरांनी दौरा बंद करून सक्तीची विश्रांती सांगितली.

गांधीजी आधी आंबोलीच्या थंड हवेत राहिले. मग म्हैसूर संस्थानातल्या नंदी टेकडीवर गेले. एप्रिलच्या उत्तरार्धापासून जूनच्या पहिल्या दिवसांपर्यंत त्यांचा मुक्काम तिथेच होता. ठरलेल्या सभा रद्द झाल्या, पण चळवळ काही बुडाली नाही. बरे वाटू लागल्यावर त्यांनी हळूहळू काम वाढवले. दक्षिणेतला दौरा केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते श्रीलंकेपर्यंत जाऊन आले.

तीन वर्षांनी, १२ मार्च १९३० रोजी, तेच गांधीजी साबरमतीहून दांडीला पायी निघाले. वय ६० वर्षांचे, अंतर सुमारे ३८५ किलोमीटर, दिवस २४. या यात्रेच्या वेळापत्रकात सोमवार हा मुक्कामाचा दिवस होता. १७, २४ आणि ३१ मार्चला यात्रा पुढे सरकली नाही. सगळा देश वाट पाहत असताना, इंग्रज सरकारची नजर रोखलेली असताना, यात्रा ठरल्याप्रमाणे थांबली आणि ठरल्याप्रमाणे पुन्हा निघाली. ५ एप्रिलला ती दांडीला पोहोचली. १९२७ मध्ये शरीर कोसळले म्हणून थांबावे लागले होते. १९३० मध्ये थांबण्याचे दिवस निघण्याआधीच ठरलेले होते.

दुसरी तयारीही झालेली होती. गांधीजींना अटक झाली तर पुढे कोण, हे ठरले होते. ५ मे रोजी त्यांना अटक होताच नेतृत्व अब्बास तय्यबजी यांच्याकडे आले. बडोदा संस्थानचे हे निवृत्त न्यायाधीश तेव्हा ७६ वर्षांचे होते. आठवडाभरात त्यांनाही पकडले, तेव्हा सरोजिनी नायडू पुढे आल्या. आपल्यामागे कोणी उभे आहे हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच निर्धास्तपणे थांबता येते.

यावर वऱ्हाडी माणूस म्हणेल, आमचे गाडगेबाबा कुठे थांबले? खरेच आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी, प्रवासातच बाबांनी देह ठेवला. आजारपणातही त्यांची वाटचाल सुटली नाही. अशा माणसापुढे मान आपोआप झुकते. पण याच बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या. दमलेल्या गरिबाला पाठ टेकायला छप्पर हवे, हे त्यांनी ओळखले होते. त्यांचे न थांबणे आपण उचलतो, त्यांची धर्मशाळा मात्र स्वतःसाठी विसरतो.

रमजानची रचना या बाबतीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. आजारी आणि प्रवासी यांना रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे. सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे असतात. म्हणजे थांबल्याने कर्तव्य माफ होत नाही, त्याला नवी तारीख मिळते. शेवटच्या दहा दिवसांत काही जण मशिदीत ‘एतेकाफ’ला बसतात. व्यवहार, बाजार, घरची कामे बाजूला ठेवून ते तिथेच राहतात, इबादत करतात. मोहल्ल्यातून एक जण बसला तरी सर्वांच्या वतीने ही सुन्नत अदा झाली असे मानतात. त्याचे जेवण घरून किंवा शेजारून येते, दुकान भाऊ किंवा मुलगा सांभाळतो. एकाला बाजूला बसता यावे म्हणून दहा जण थोडा थोडा भार उचलतात. दहा दिवसांनी, ईदचा चंद्र दिसला की, तो पुन्हा गल्लीत, आपल्या कामात.

असे बाजूला बसणे कारभार पाहणाऱ्यांच्या वाट्याला क्वचितच येते. त्यांना कामातून उठवायचे तर ‘जरा आराम करा’ एवढे म्हणून भागत नाही. त्यांच्या हातातली किल्ली कोणीतरी घ्यावी लागते. मशिदीची किल्ली असो, मंडळाचे पावतीपुस्तक असो की शाळेची हजेरी, आठवड्यातली एक दुपार ती दुसऱ्याच्या हाती राहावी. पहिल्या वेळी खजुरे कमी पडतील, पावतीवर तारीख चुकेल. दुसऱ्या वेळी चुका कमी होतील. आणि ज्या दिवशी खरेच संकट येईल, त्या दिवशी मोहल्ल्याकडे एकाऐवजी दोन माणसे असतील, त्यातले एक नीट झोप झालेले.