पाळीपाळीने गुरुपद
अस्खलित वाचणाऱ्या मुलासही मजकुराचा आशय पुष्कळदा हाती लागत नाही, हे जाणून ॲनमेरी पॅलिन्सर व ॲन ब्राउन या अमेरिकेतील विदुषींनी १९८४ साली जी अध्यापनपद्धती प्रसिद्ध केली, तीत लहान गटातील प्रत्येक विद्यार्थ्याने पाळीपाळीने गुरुपद घ्यावे, परिच्छेद वाचून होताच इतरांस प्रश्न विचारावा, सारांश सांगावा, दुर्बोध स्थळांचा उलगडा करावा व पुढील मजकुराविषयी अनुमान बांधावे, अशी तजवीज होती. आरंभी शिक्षक हे सर्व स्वतः करून दाखवितो आणि मुले सरावली की हळूहळू आपला अंमल सोडतो. हे सोडणेच, माझ्या मते, सर्वांत कठीण. पण त्याचे मोल आहे: एरवी ‘समजले का?’ या शिक्षकाच्या पृच्छेस वर्ग एकमुखाने होकार देतो. सारांश मात्र समजल्यावाचून सांगता येत नाही. शिक्षकांनी एखाद्या धड्यापुरता तरी हा प्रयोग अवश्य करावा.