मागचा लाल दिवा

अक्कलकोट-सोलापूर हा सुमारे ४० किलोमीटरचा मार्ग. स्वामीभक्तांच्या गाड्या, उसाच्या ट्रॉल्या आणि शेतावरून परतणारे सायकलस्वार, सारेच अंधार पडल्यावर या रस्त्याने जातात. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. म्हणून सायकल चालकाला वेळीच दिसणे अत्यावश्यक ठरते. परावर्तक इतरांचा प्रकाश पडल्यावरच चमकतो. चार्ज होणारा छोटा एलईडी दिवा स्वयंप्रकाशी असतो. चाऱ्याच्या भाऱ्याने तो झाकला जाऊ नये, यासाठी कॅरियरच्या मागील टोकास बसवावा. मंद होताच चार्ज करावा. जखमींची शुश्रूषा हे आमचे कर्तव्यच आहे. परंतु जखम टळावी, हीच आमची खरी इच्छा. आपल्या घरच्या सायकलीस असा दिवा आजच लावावा, ही नम्र विनंती.