विषाणूंच्या नाना तऱ्हा

प्रथिनाच्या कवचात बंद केलेला थोडासा आनुवंशिक मजकूर, इतकाच विषाणूचा संसार. तो खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही. पेशीबाहेर तो निव्वळ कण असतो. योग्य पेशीत शिरला, की तिची सगळी यंत्रणा स्वतःच्या प्रती काढायला जुंपतो आणि बऱ्याचदा शेवटी तिला फोडून बाहेर पडतो. त्याला सजीव म्हणावे की निर्जीव, हा वाद शंभर वर्षे चालू आहे. तो मिटला नाही म्हणून कोणाचे काही अडलेले नाही.

विषाणूंचा शोध तंबाखूच्या पानांवरून लागला. १८९२ साली रशियन शास्त्रज्ञ दिमित्री इव्हानोव्हस्की याने रोगट, ठिपके पडलेल्या पानांचा रस चिनी मातीच्या गाळणीतून काढला. या गाळणीतून जिवाणू पार होत नसत, तरीही गाळलेल्या रसाने निरोगी रोप आजारी पडले. १८९८ मध्ये नेदरलँड्सच्या मार्टिनस बायरिंक याने हे जिवाणूंहून वेगळेच काही आहे, असे ठामपणे मांडले. पुढे १९३५ मध्ये अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ले याने याच विषाणूचे स्फटिक तयार केले. मिठासारखा बाटलीत भरून ठेवता येणारा पदार्थ पानावर चोळताच रोग निर्माण करतो, हे तेव्हाच्या जीवशास्त्राला पचायला जड गेले. विषाणू प्रत्यक्ष दिसला तो १९३९ मध्ये, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली.

तेव्हापासून त्यांच्या इतक्या तऱ्हा समोर आल्या, की सर्वांना एकाच नावाने ओळखावे का, असा प्रश्न पडावा. डुकरांमधला सर्कोव्हायरस जेमतेम १७ नॅनोमीटरचा असतो आणि एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर मावतात. याच्या उलट टोकाला मिमीव्हायरस आहे. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे १९९२ साली कूलिंग टॉवरच्या पाण्यातील अमीबात तो सापडला, पण आकारामुळे जिवाणू समजला गेला. तो विषाणू असल्याचे २००३ मध्ये कळले. मजकुराचेही तसेच. हिपॅटायटिस बीच्या विषाणूचे सगळे काम सुमारे ३,२०० अक्षरांत भागते, तर २०१३ मध्ये जाहीर झालेल्या पँडोराव्हायरसला सुमारे २५ लाख अक्षरे लागतात.

हा मजकूर काही विषाणूंत डीएनएचा असतो, काहींत आरएनएचा. कधी एकपदरी, कधी दुपदरी. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड बाल्टिमोर याने १९७१ मध्ये यावरूनच विषाणूंचे गट पाडले आणि आज असे सात गट मानले जातात. ही विभागणी केवळ पुस्तकी नाही. आरएनएची नक्कल करताना चुका जास्त होतात आणि बहुतेक आरएनए विषाणूंकडे त्या दुरुस्त करण्याची सोय नसते. म्हणून फ्लूचा विषाणू सतत बदलत राहतो आणि त्याची लस दरवर्षी नव्याने ठरवावी लागते. देवीचा विषाणू डीएनएचा होता. तो एवढा स्थिर होता, की एकच लस पिढ्यान्‌पिढ्या पुरली.

दुसरा व्यवहारी फरक आवरणाचा. कोरोना, फ्लू, एचआयव्ही आणि रेबीज यांच्या विषाणूंवर मेदाचे पातळ आवरण असते आणि ते साबणाने विरघळते. २०२० मध्ये हात धुण्याचा एवढा धोशा लावला गेला, त्यामागे हेच रसायनशास्त्र होते. पोलिओ, रोटा, हिपॅटायटिस ए आणि ई यांच्या विषाणूंना असे आवरण नसते. ते जठरातल्या आम्लातून सुखरूप जातात, सांडपाण्यात तग धरतात आणि पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळले की गावात काविळीची किंवा जुलाबाची साथ येते. अशा वेळी जलवाहिनी दुरुस्त करणे आणि पाणी उकळून पिणे हाच खरा उपाय. झाडपाल्याची औषधे घेऊन अशी जी कावीळ बरी झाल्याचे सांगितले जाते, ती बहुतांशी आपोआपच बरी होणारी असते.

माणसाला आजारी पाडणारे विषाणू हा या जगाचा एक लहानसा कोपरा आहे. संख्येने सर्वांत जास्त आहेत ते जिवाणूंवर जगणारे विषाणू, म्हणजे फाज. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात सुमारे एक कोटी विषाणू असू शकतात आणि त्यांतले बहुतेक फाज असतात. ते रोज समुद्रातल्या जिवाणूंचा मोठा हिस्सा फोडतात आणि त्यांच्यातली पोषकद्रव्ये पुन्हा पाण्यात मोकळी करतात. गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, असे अर्नेस्ट हँकिन याने १८९६ मध्येच नोंदवले होते. त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण फाज हेच दिले जाते. फाज म्हणून त्यांची ओळख फ्रेडरिक ट्वॉर्ट आणि फेलिक्स देरेल यांच्या कामातून १९१५ ते १९१७ या काळात पटली. प्रतिजैविके आली आणि युरोप-अमेरिकेत फाजचे उपचार मागे पडले, मात्र जॉर्जियातील तिबिलिसी येथे ते चालूच राहिले. आता प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू वाढल्यामुळे त्या जुन्या उपचाराकडे पुन्हा लक्ष वळले आहे.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला विषाणू वेगळ्याच नावांनी ठाऊक आहेत. भेंडीची पाने पिवळी पडतात तो केवडा, मिरचीची पाने आक्रसतात तो चुरडा-मुरडा किंवा बोकड्या, जळगावकडच्या केळीवर येतो तो हरण्या. तुरीचा वांझ रोग तर नावाप्रमाणेच वागतो. झाड हिरवे आणि झुडपासारखे दाट वाढते, पण त्याला फुले-शेंगा जवळपास लागत नाहीत. यांतल्या कोणत्याही रोगावर विषाणू मारणारी फवारणी नाही. त्यामुळे सगळा भर वाहकांवर असतो: पांढरी माशी, मावा, फुलकिडे आणि तुरीच्या बाबतीत डोळ्यांना न दिसणारा कोळी. रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करणे आणि प्रतिकारक वाण लावणे एवढेच शेतकऱ्याच्या हातात उरते. क्वचित रोगाचेही कौतुक होते. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ज्या रंगीत पट्ट्यांच्या ट्यूलिपसाठी लोकांनी अफाट पैसा ओतला, ते पट्टे माव्याने पसरवलेल्या एका विषाणूचे होते.

हरभऱ्यात मात्र शेतकरी विकत आणून विषाणू फवारतो. एचएएनपीव्ही नावाचा हा विषाणू घाटे अळीचा शत्रू आहे. फवारलेले पान खाल्ल्यावर अळी काही दिवसांत सुस्तावते, शेंड्याकडे चढते आणि तिथे उलटी लटकून मरते. तिचे शरीर आतून पातळ होते, कातडी फुटते आणि लाखो नवे विषाणू खालच्या पानांवर टपकतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी हा विषाणू निष्प्रभ होतो, म्हणून फवारणी संध्याकाळी करतात. माणूस, गुरे आणि मधमाश्या यांना त्याचा उपद्रव नाही.

गुरांच्या रोगांत एक मोठे यश मिळाले आहे. एके काळी गोठेच्या गोठे रिकामे करणारी बुळकांडी २०११ मध्ये जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. गोवराचा विषाणू तिच्याच विषाणूचा जवळचा भाऊबंद. २०२२ मध्ये राज्यात पसरलेला लम्पी देवीच्या कुळातला आहे. या भाऊबंदकीचा फायदा असा, की त्यावर शेळ्यांच्या देवीची लस वापरता आली.

माणसातली देवी हा आजवर पूर्णपणे नष्ट झालेला माणसाचा एकमेव विषाणूजन्य रोग. एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये गोस्तन देवीचा प्रयोग केला आणि १४ जून १८०२ रोजी भारतातले पहिले यशस्वी लसीकरण मुंबईत, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीवर झाले. तरीही रोग संपल्याचे जाहीर व्हायला १९८० साल उजाडले. तो संपू शकला, कारण विषाणू माणसाखेरीज कुठेही राहत नव्हता, रोगी चेहऱ्यावरूनच ओळखू येत असे आणि लस टिकाऊ होती. पोलिओला पहिली आणि तिसरी गोष्ट बरीचशी लागू पडते, दुसरी अजिबात नाही. बहुतेक मुलांना लागण होऊनही लक्षणे दिसत नाहीत, म्हणून ती मोहीम रेंगाळली. भारतातला शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मधला.

फ्लूच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी उलट्या. त्याचा मजकूर आठ तुकड्यांत विभागलेला असतो आणि तो पाणपक्षी, कोंबड्या, डुकरे आणि माणूस अशा अनेकांत नांदतो. एकाच डुकराला दोन प्रकारच्या फ्लूची लागण झाली, तर पत्त्यांचे दोन जोड एकत्र पिसावेत तसे हे तुकडे मिसळतात आणि कोणालाच ओळखीचा नसलेला विषाणू बाहेर पडतो. २००९ ची स्वाइन फ्लूची साथ अशीच उद्भवली. १९१८ च्या साथीने मुंबई बंदरातून देशात शिरकाव केला आणि एकट्या भारतात एक ते दोन कोटी बळी घेतल्याचा अंदाज आहे. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, त्याचे हे मोठे कारण.

काही विषाणू थेट या मातीतले आहेत. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला, एक नवा विषाणू मिळाला. तो वालुमाशीतून पसरतो. बरीच वर्षे त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २००३ मध्ये एकट्या आंध्र प्रदेशात ३२९ मुले मेंदूज्वराने आजारी पडली, १८३ दगावली आणि त्यामागे चांदीपुराच असल्याचे दिसले. आजही त्यावर लस नाही. माकडताप १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात आढळला आणि २०१५-१६ पर्यंत गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात पोहोचला. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि काजूच्या बागेत काम करणाऱ्यांना चावतात. म्हणून मेलेल्या माकडाची खबर आरोग्य खात्याला लगेच देणे हे तिथे औषधाइतकेच मोलाचे आहे.

सगळेच विषाणू येऊन निघून जात नाहीत. कांजिण्यांचा विषाणू मज्जापेशींत दडून राहतो आणि पुढे कधी तरी नागीण होऊन उठतो. हिपॅटायटिस बीमुळे यकृताचा आणि एचपीव्हीमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होऊ शकतो. दोन्हींवर लस आहे, म्हणजे हे कर्करोग बऱ्याच अंशी टाळता येण्याजोगे आहेत. एचआयव्ही तर स्वतःचा मजकूर पेशीच्या डीएनएतच चिकटवतो. अशाच प्रकारच्या प्राचीन विषाणूंचे अवशेष मानवी जनुकसंचात सुमारे ८ टक्के भरतात. त्यांतल्या एका जनुकापासून बनणारे सिन्सिटिन हे प्रथिन गर्भाची वार घडवते. एके काळचा रोगजंतू आता प्रत्येक बाळाच्या जन्माला हातभार लावतो.

विषाणू एवढे वेगवेगळे असले तरी जिवाणूंसाठीची प्रतिजैविके त्यांपैकी एकावरही चालत नाहीत. सर्दीसाठी दुकानातून अँटिबायोटिक आणून खाणे म्हणूनच व्यर्थ, शिवाय अपायकारक. उलट, विषाणूची रचना आणि वाट कळली की साधा उपायही जीव वाचवतो. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, पण हा विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकायला सहसा काही आठवडे ते महिने घेतो आणि त्याचे आवरण साबणाने फुटते. कुत्रा चावल्यास जखमेला हळद, चुना किंवा तिखट लावू नये. ती वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी आणि ठरलेले सगळे डोस पुरे करावेत.