सेंबेईचे खरे कसब

तोक्योच्या उत्तरेला सैतामा प्रांतात सोका नावाचे शहर आहे. १६३० साली निक्कोकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर ते मुक्कामाचे ठाणे झाले. आज जपानभर ते ओळखले जाते सेंबेईसाठी, म्हणजे तांदळाच्या भाजलेल्या कुरकुरीत चकत्यांसाठी. तिथल्या छोट्या दुकानांत कारागीर गिऱ्हाइकांसमोर चकत्या निखाऱ्यावर उलटसुलट करतो, वरून सोया सॉसचा हात फिरवतो. पाहुणे फोटो काढतात आणि सगळी विद्या त्या शेगडीपाशीच आहे अशा समजुतीने परततात. मला ही समजूत चुकीची वाटते. सेंबेईचे भले-बुरे शेगडीआधी, वाळवणातच ठरून गेलेले असते. रोजच्या जेवणातला, फारसा चिकट नसलेला तांदूळ धुऊन, भिजवून दळतात. पीठ वाफवून मळतात, लाटतात आणि गोल चकत्या कापतात. (चिकट तांदळाच्या त्या ओकाकी आणि आरारे, त्यांची जात वेगळी.) उकड काढून पापड लाटणाऱ्या कोकणातल्या बाईला इथवर काहीच परके वाटणार नाही, पुढचे वाळवण तर नाहीच. ओली चकती विस्तवावर टाकली तर बाहेरून करपते आणि आत चिवट राहते; अगदी खडखडीत वाळवली तर फुलत नाही. थोडासा ओलावा मागे ठेवायचा असतो, आणि तो चकतीभर सारखा असावा लागतो. कड सुकून मध्य ओला राहिला की तडे जातात. म्हणून वाळवण एका दमात उरकत नाहीत. एकदा वाळवून चकत्या मुरू देतात, आतला ओलावा कडेपर्यंत पोचला की पुन्हा वाळवतात. पूर्वी हे काम उन्हावर चाले.

यावर सोकाचे अभिमानी म्हणतील, की आमच्या सेंबेईची ओळख भाजण्यातच आहे. त्यांच्याकडे पुरावाही आहे. ‘सोका सेंबेई’ हे नाव आता ट्रेडमार्कने राखलेले आहे, आणि त्याच्या अटींत चकती वजनदार ठोकळ्याने दाबून भाजण्याची पद्धत येते. पण दाबायचे कशासाठी? आत राखलेला ओलावा आचेवर वाफ होतो आणि चकती फुगून वाकडी होऊ पाहते. ठोकळा तिला सपाट आणि कडक ठेवतो. म्हणजे वाळवणात जे मागे ठेवले, त्याचाच हिशेब शेगडीवर चुकता होतो. शिवाय त्याच अटी दाबून भाजणाऱ्या यंत्रालाही मान्यता देतात.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. ओलाव्याचेच गणित असेल तर यंत्र ते माणसापेक्षा चांगले करील, मग छोटी दुकाने हवीत कशाला? नीगाता प्रांताने याचे उत्तर केव्हाच देऊन टाकले आहे. तिथल्या कारखान्यांनी सरकारी संशोधन केंद्राच्या मदतीने वाळवण यंत्रावर नेले, आणि आज जपानमधल्या तांदळाच्या खाऊपैकी निम्म्याहून अधिक माल त्या एका प्रांतातून येतो. एकसारखेपणात त्यांच्याशी बरोबरी करणे दुकानदाराला अशक्यच. मात्र लाखो पाकिटांसाठी ठरवलेले वाळवण एकाच चवीचे, बहुधा हलक्या, चटकन मोडणाऱ्या मालाचे असते. जाड, दाताला झुंजवणाऱ्या चकतीला वेळ फार लागतो आणि गिऱ्हाईक थोडे असते. ती वाळवणे छोट्यालाच परवडते. अट एवढीच, की त्याने ती स्वतः वाळवावी. कितीतरी दुकाने वाळवलेल्या चकत्या तयारच विकत घेतात आणि फक्त भाजतात. त्यात लबाडी नाही, चवही बरी असू शकते. पण अशा ठिकाणी निखाऱ्यांच्या देखाव्याला कसब म्हणणे मला जड जाते.

राहता राहिली ‘नुरे-सेंबेई’, म्हणजे ओली सेंबेई. वाळवण इतके मोलाचे, तर मुद्दाम मऊ केलेली सेंबेई लोक आवडीने का खातात? कारण तीही वाळवूनच भाजलेली असते. गरम असताना ती सोया सॉसमध्ये बुडवतात, आणि भाजताना आत पडलेल्या बारीक छिद्रांत सॉस शिरतो. कच्च्या वाळवणाची चकती असा सॉस पिऊच शकणार नाही. हा प्रकार चिबा प्रांतातल्या चोशीचा. सोया सॉससाठी ते गाव आधीपासून नावाजलेले. तिथल्या ६.४ किलोमीटरचा मार्ग चालवणाऱ्या छोट्या रेल्वे कंपनीने १९९५ मध्ये ओली सेंबेई विकायला घेतली. २००६ मध्ये डब्यांच्या सक्तीच्या तपासणीलाही पैसे उरले नाहीत, तेव्हा कंपनीने लोकांना सेंबेई विकत घेण्याची उघड विनंती केली आणि मागणीचा पूर आला. या रेल्वेला तिकिटांपेक्षा खाऊतून जास्त पैसे मिळतात.