आपल्या पायाखालचा इतिहास

ठाणे हे बेटावरचे शहर आहे, हे आपल्यापैकी कितीजणांच्या लक्षात असते? पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला उल्हास नदीची खाडी, दक्षिणेला माहीमची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र. मध्ये आहे ते साष्टी बेट. षट्षष्टी म्हणजे सहासष्ट गावे, त्यावरून साष्टी हे नाव पडले असे सांगतात. सकाळी कल्याण-डोंबिवलीहून निघालेली लोकल कळव्यानंतर पुलावरून खाडी ओलांडते, तेव्हा आपण मुख्य भूमीवरून बेटावर येत असतो. गर्दीत एका पायावर उभ्या असलेल्या माणसाला हे आठवायला सवड कुठून मिळणार?

१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत आगगाडी आली. शाळेच्या पुस्तकात आपल्या भागाची ओळख बहुधा इथूनच सुरू होते. फार तर पोर्तुगीज आणि मराठे येतात. पण या बेटावर माणूस त्याच्या हजारो वर्षे आधीपासून राहत होता. तो कोण, काय खात होता, कशावर जगत होता, हे आपल्या मुलाबाळांना ठाऊक असावे म्हणून हा लेखप्रपंच.

नखाएवढी दगडी पाती

के. आर. यू. टॉड नावाचे एक नौदल अधिकारी मुंबईत होते. त्यांना जुन्या दगडी हत्यारांचा नाद. कांदिवलीच्या आसपास जमिनीच्या थरांतून त्यांनी अश्मयुगातील हत्यारे गोळा केली आणि १९३९ साली त्यावर शोधनिबंध लिहिला. पुढे १९५० साली मुंबईच्या परिसरातील लहान दगडी हत्यारांवर त्यांचा दुसरा निबंध प्रसिद्ध झाला.

ही लहान हत्यारे म्हणजे नखाएवढी, बोटाच्या पेराएवढी धारदार पाती. गारगोटीच्या जातीचा कठीण दगड घ्यायचा, त्यावर नेमका ठोका मारून पातळ ढलपे काढायचे आणि त्यांच्या कडा तासून टोके किंवा चंद्रकोरी करायच्या. एकटे पाते हातात धरून फारसे काम होत नाही. लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत अशी पाती ओळीने बसवली, डिंकाने चिकटवली, की कोयता तयार. काठीच्या टोकाला लावली की बाण तयार. पाते मोडले तर सगळे हत्यार टाकायला नको, तेवढेच पाते बदलायचे. कारखान्यात काम करणाऱ्या आपल्या बांधवांना यातील अक्कल चटकन कळेल.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. नोंदवहीत नोंद नाही म्हणजे ती गोष्ट घडलीच नाही, असे मानण्याची कचेरीत सवय लागते. पण या माणसांना लिपी नव्हती, राजा नव्हता. त्यांची नोंद त्यांच्या हातच्या कामातच आहे. दगडावर ठोका कुठे बसला, तो चुकला की साधला, हे जाणकाराला आजही वाचता येते.

समुद्र पुढे आला

मग अशा वस्त्या जागोजाग का दिसत नाहीत? पहिले कारण समुद्र. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवर हिमयुग जोरात होते. पुष्कळसे पाणी बर्फात अडकल्यामुळे समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. आपला किनारा तेव्हा पश्चिमेला खूप दूर होता. बर्फ वितळले, पाणी चढत गेले आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी ते साधारण आजच्या पातळीजवळ आले. त्याआधी किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या कितीतरी जागा पाण्याखाली गेल्या असणार. मुंबईत प्रिन्सेस डॉक खोदताना, म्हणजे १८८० च्या थोडे आधी, चिखलाखाली शेकडो झाडांचे बुंधे सापडले. त्यातील बरेचसे उभेच्या उभे होते. जिथे जहाजे लागतात तिथे एके काळी जंगल होते.

दुसरे कारण आपण स्वतः. टेकड्या फोडून खडी केली, खाड्या बुजवल्या, इमारतींचे पाये खणले. त्यात काय काय गेले याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

पलीकडच्या काठावर

याच समुद्राच्या पलीकडच्या काठावर पुष्कळ काही टिकून राहिले. आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुले दुबई, मस्कत, अबुधाबीला कामाला गेली. तिथे आपल्याला वाळू आणि उंच इमारती एवढेच माहीत. पण अबुधाबीजवळच्या मारावाह बेटावर सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीची दगडी घरे सापडली आहेत. २०१७ साली तिथे एक मोती मिळाला, तोही तितकाच जुना. दलमा बेटावर सात हजार वर्षांपूर्वी खाल्लेल्या खजुराच्या बिया मिळाल्या. मस्कतजवळ रास अल हमरा येथे शिंपल्यांचे आणि माशांच्या काट्यांचे मोठे ढीग आहेत. शिंपला घासून केलेले गळ आणि जाळ्याला बांधायचे दगड तिथे मिळतात. साडेपाच-सहा हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या काही थडग्यांत माणसाच्या सोबत कासवाची कवटी ठेवलेली आढळली.

हा शिंपल्यांचा ढीग म्हणजे त्या काळच्या गावाचा उकिरडाच. पण त्यावरून चूल कळते. आपल्या खाडीकाठच्या कोळी-आगरी भगिनी ओहोटीला चिखलात उतरून कालवे, चिंबोऱ्या, निवट्या काढतात. पावसाळ्याच्या बेगमीला सुकट-बोंबील वाळवतात. समुद्राचे हे शहाणपण दोन्ही काठांवर फार जुने आहे.

दोन काठांमध्ये ये-जाही लवकर सुरू झाली. ओमानच्या रास अल जिन्झ येथे डांबराचे तुकडे सापडले. त्यांच्या एका बाजूवर बोरूच्या मोळ्यांचे आणि दोरांचे ठसे आहेत, दुसऱ्या बाजूला समुद्रातील शिंपले चिकटलेले आहेत. म्हणजे हे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या होड्यांना लावलेले डांबर. तिथेच सिंधू संस्कृतीची खूण असलेले मडक्याचे खापर मिळाले आणि हस्तिदंती फणीही मिळाली. कोणाची तरी ती रोजची फणी असेल.

कल्याणचा लोहार, कल्याणचा सोनार

पुढच्या काळात याच समुद्रमार्गाने आपले कल्याण आणि सोपारा नावारूपाला आले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक खलाशाने या समुद्राची वाटाडी पुस्तिका लिहिली. तिच्यात दोन्ही बंदरांची नावे आहेत. कल्याणला येणारी ग्रीक गलबते पुढे राजकीय भांडणामुळे पहाऱ्यात भडोचकडे नेली जात, असेही त्यात नोंदवले आहे.

सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली मिळाला. शिकारीच्या सहलींऐवजी राजाने धम्मयात्रा सुरू केल्याचा हा लेख आहे. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावला मिळाला. १८८२ सालीच पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखली जाणारी टेकडी खणली आणि आत स्तूप निघाला. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोन्याचे करंडक होते. सर्वांत आत मातीच्या भांड्याचे तुकडे होते. ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे असल्याचे मानले गेले. सोन्याच्या करंडकात माती जपून ठेवणारे हे लोक होते.

कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यात राजे-अमात्य आहेत, व्यापारी आहेत. पण कल्याणचा सामिदत्त नावाचा सोनार आहे, त्याने पाण्याची पोढी दिली. कल्याणचा नंद नावाचा लोहारही आहे, त्याने वाट बांधून दिली. ज्या लोहाराला पुढच्या काळाने अक्षरापासून दूर ठेवले, त्याचे नाव जवळजवळ दोन हजार वर्षे डोंगराच्या दगडात आहे. कान्हेरीला सहल काढणाऱ्या विहारांनी मुलांना हे जरूर सांगावे.

याच काळात अरबस्तानच्या दक्षिणेला सोकोत्रा बेटावरील एका गुहेत आपल्याकडच्या खलाशांनी ब्राह्मी लिपीत आपली नावे लिहून ठेवली. त्यात भडोचचे खलाशी आहेत. तांबड्या समुद्रावरील इजिप्तच्या बेरेनिके बंदरात २०२२ साली बुद्धमूर्ती सापडली. ती सुमारे ७१ सेंटिमीटर उंच आणि दुसऱ्या शतकातील आहे. समुद्र ओलांडणे पाप आहे, हे या माणसांच्या गावीही नव्हते.

आता आपण काय करावे?

कोणी विचारील, पोटापाण्याच्या रगाड्यात हे कशाला? याचे उत्तर सरळ आहे. ठाणे, कल्याण, भिवंडी या भागात पाये खणणारे, चर खोदणारे, नाक्यावर उभे राहून रोजंदारी मिळवणारे हात बहुतांशी आपलेच आहेत. जमिनीत पुरलेली वस्तू पहिल्यांदा दिसते ती कुदळ मारणाऱ्याला. प्राध्यापक येतात ते नंतर.

१८७८ चा निखात निधी कायदा सांगतो की जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवले पाहिजे. लपवणे हा गुन्हा आहे. सापडणाऱ्याचा हक्कही त्याच कायद्यात सांभाळलेला आहे. जुने खापर, अक्षरे असलेला दगड, धारदार गारगोटीची पाती यांना बाजारात मोल नसेल, पण राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला ती हवी असतात. वस्तू उचलून घरी नेऊ नये. ती कुठे, किती खोल, कशाजवळ होती यातच अर्धी माहिती असते. जागा लक्षात ठेवावी, जमल्यास फोटो काढावा आणि कळवावे.

शोध अजून संपलेला नाही. २०१५ नंतर मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाच्या आणि साठ्ये महाविद्यालयाच्या अभ्यासकांनी साष्टीची गावोगाव पाहणी केली. कान्हेरीच्या जंगलात पूर्वी नोंद नसलेल्या गुंफा त्यांना मिळाल्या. रत्नागिरीच्या सड्यांवरील मासे, कासवे, हत्ती यांची प्रचंड खोदचित्रे तर गावकरी पिढ्यान्‌पिढ्या पाहत होते. अभ्यासकांनी त्यांना विचारले आणि २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

तेव्हा आपल्या मुलामुलींपैकी एखाद्याने इतिहास किंवा पुरातत्त्व शिकतो म्हटले, तर ‘त्यात नोकरी कुठे?’ म्हणून त्याला लगेच गप्प करू नका. आपल्या माणसांच्या नोंदी शोधणारे आपल्यातलेही कोणी असायला हवे.