तापेल तोच धरेल

सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी शर्यत झाली. उकाडा इतका होता, की २४ फेऱ्यांची शर्यत २१ फेऱ्यांवर आणावी लागली. मिशेलिन या टायर कंपनीने या ट्रॅकसाठी मागच्या टायरची बांधणीही मुद्दाम कडक ठेवली होती. रायडर जगातले निष्णात, तरी टायर ठरवताना पहिला विचार उष्णतेचा झाला. भंडारा, तुमसर, साकोलीकडचा एखादा हौशी तरुण आपली तीनशे-चारशे सीसीची बाइक ट्रॅकवर न्यायची म्हणतो, तेव्हा त्याला नागपूर गाठून उत्तरेला नोएडा किंवा दक्षिणेला चेन्नई असा हजार-अकराशे किलोमीटरचा पल्ला मारावा लागतो. टायर निवडताना त्यालाही उष्णतेपासूनच सुरुवात करावी लागते.

रबर दोन प्रकारे रस्ता धरतं. एक तर त्याचे रेणू डांबराच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात. दुसरं म्हणजे खडीच्या बारीक टोकांवर दबून ते त्यांच्यामधल्या खाचांमध्ये शिरतं आणि सावकाश पूर्ववत होतं. दबताना खर्ची पडलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही. तिचा काही भाग उष्णता होतो. हा तोटा म्हणजेच या दुसऱ्या प्रकारची पकड. थंड रबर ताठ राहतं, त्यामुळे खाचांत नीट शिरत नाही. प्रमाणाबाहेर तापलं, की मऊ पडून पृष्ठभाग फाटू लागतो. प्रत्येक टायरला या दोहोंमधला तापमानाचा एक पट्टा मानवतो.

इथेच नवख्यांची फसगत होते. विजेत्यांच्या बाइकला असतो तोच टायर, म्हणजे बिनखाचांचा गुळगुळीत स्लिक, आपल्यालाही हवा असं वाटतं. पण स्लिक साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पुढेच खुलतो. म्हणून शर्यतीआधी त्याला विजेवर तापणारी टायर वॉर्मरची आवरणं घालतात. एवढं करूनही वळणात बाइक पुरेशी झुकवली नाही, ब्रेक जोरात दाबला नाही, तर तो निवत जातो. पहिल्या-दुसऱ्यांदा ट्रॅकवर उतरणाऱ्याचा वेग तेवढा नसतो. त्याला रस्त्यावर चालणारा, लवकर तापणारा चांगला स्पोर्ट टायर जास्त पकड देतो. शिवाय पाऊस आला, तर त्याच्या खाचा पाणी बाहेर काढतात. स्लिक पाण्यावर तरंगतो. चालवून गोटा झालेला रस्त्याचा टायर म्हणजे स्लिक, हाही गैरसमजच. त्याचं वरचं रबर संपलेलं असतं आणि उरलेलं कडक झालेलं असतं.

ओल्या रस्त्यावरच्या पकडीचं एक सूत्र भंडाऱ्याच्या ओळखीचं आहे. टायरला काळा रंग आणि झीज सोसण्याची ताकद देतो तो कार्बन ब्लॅक. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेलिनने त्यातला बराचसा कार्बन ब्लॅक काढून सिलिका घातली. थंड आणि ओल्या रस्त्यावर टायर चांगला धरू लागला, शिवाय गाडी पळवायला लागणारं इंधनही वाचलं. ही सिलिका सहसा वाळूपासून करतात. मात्र धानाच्या तुसातही ती भरपूर असते. तूस जाळल्यावर उरणाऱ्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका निघते. गुडइअरने गेल्या दशकात अशा राखेतली सिलिका कारच्या टायरमध्ये वापरायला सुरुवात केली. तुमसरच्या राईस मिलमागे तुसाचे ढीग पाहत मोठ्या झालेल्या कुणालाही या कच्च्या मालाची वेगळी ओळख करून द्यायला नको.

टायर ठरला की हवा. समजा, सकाळी ३० अंश तापमानात ३० पीएसआय हवा भरली. सहा-सात फेऱ्यांनंतर आतली हवा ७० अंशांवर गेली, तर गेजचा काटा ३६च्या आसपास दिसेल. हवा तीच, जागा तीच. तापमान वाढलं म्हणून दाब वाढला. दाब वाढला, की टायर फुगून त्याचा रस्त्याला टेकणारा भाग आक्रसतो. म्हणून ट्रॅकवर आधी कमी हवा भरतात आणि पिटमध्ये परतल्याबरोबर, टायर गरम असतानाच, ती मोजतात. किती कमी भरायची, हे त्या टायरच्या कंपनीने ट्रॅकसाठी सांगितलेल्या आकड्यावरून ठरवायचं.

विकत घेताना नक्षीआधी बाजूची अक्षरं वाचावीत. १५०/६०-१७ म्हणजे रुंदी १५० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ६० टक्के आणि रिम १७ इंचांची. जवळच लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३२४ असेल, तर तो टायर २०२४च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात दोन-तीन वर्षं तापत पडलेला टायर दिसायला नवाच असतो, पण त्याचं रबर ताठरलेलं असू शकतं. सवलतीत मिळणारा माल घेण्याआधी हे चार आकडे दुकानदाराकडून दाखवून घ्यावेत आणि पुढच्या-मागच्या दोन्ही टायरचे वेगवेगळे तपासावेत.